लोखंडाची शपथ

शहादा, २० जुलै २०२५

चि. फाल्गुनी हिस मम्मीचे अ. उ. आ. जय जिनेंद्र.

फोनवर तुझे पप्पा कान देऊन बसतात, म्हणून कागद घेतला. इथे चार दिवस होतीस, तर रोज उठायला नऊ! विद्यापीठाच्या जिममध्ये लोखंड उचलून झोपेची वेळ बिघडते, हे मी म्हटलंच होतं. निघताना माझ्या गळ्याला हात लावून वजनं सोडल्याची शपथ घेतलीस, ती पाळतेस ना? चातुर्मास चालू आहे, पाप जोडू नकोस. दिवस मावळायच्या आत हळदीचं दूध घे. खाकरे मैत्रिणींतच संपवू नकोस, तुझा हात फार सढळ.

लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही यावा.
तुझी मम्मी, अल्पना

जळगाव, १० ऑगस्ट

ती. मम्मीस, शि. सा. न.

शपथ पाळली. पण मम्मी, घरी मी नऊला उठायचे, कारण पहाटे तीनपर्यंत जागीच असायचे. तिथे वजनं नव्हती ना! पहिल्या वर्षीही झोप लागत नसे, तुला सांगितलं नाही. जिमच्या मोहिनी मॅडमनी आठवड्यातून तीन संध्याकाळी वजनं धरायला लावली आणि किती तास झोपले ते वहीत लिहायला सांगितलं. तुझीच पोर, एक दिवस चुकवला नाही. जूनचं आणि शपथेनंतरचं अशी दोन पानं सोबत जोडली आहेत. सगळ्यांना असा गुण येतोच असं नाही, पण तुला येतो, असं मॅडम म्हणाल्या.

परवा प्रयोगशाळेत उभ्याउभ्या डोळा लागला, काचेची नळी हातात फुटली. तीन टाके पडले. डावा हात आहे, घाबरू नकोस. शपथ तुझ्या गळ्याची आहे, मी मोडणार नाही.

खाकरे संपले. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी फाल्गुनी

शहादा, २९ ऑगस्ट

चि. फाल्गुनीस आशीर्वाद. आज मात्र आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही.

दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. जून: सात, साडेसहा, सात. नंतर: तीन, चार, अडीच. आणि वर ते टाके.

झोपेचं मी निमित्त केलं, बाळा. शेजारच्या सरलाबाई ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘तुन्ही पोरना हात पहिलवानना मायक शेतस, आते नवरदेव कोठून आनशी?’ पहिलवानासारखे हात म्हणे! मी हसले, आणि तू निघताना तुझ्याकडून शपथ घेतली. खरं कारण सांगायची लाज वाटली.

काल संवत्सरीच्या प्रतिक्रमणात मुंगीची, पाण्यातल्या जीवांची क्षमा मागितली. तुझं नाव मनात आलं. जिचं वाईट केलं तिलाच सांगितलं नाही, तर ते प्रतिक्रमण अर्धंच.

माझी शपथ सुटली, सुटली, सुटली. हाताची जखम भरली असेल, तर मॅडमना विचारून बेताबेताने उचल. सरलाबाईंना सांगितलं, माझी पोर गव्हाचा कट्टा एकटी माळ्यावर चढवते, नवरदेवाला जमेल का ते आधी बघा!

मिच्छामि दुक्कडम्. जमलं तर माफ कर.
तुझी मम्मी

जळगाव, ३ सप्टेंबर, सकाळी

ती. मम्मीस, शि. सा. न.

खमत खामणा. वर्षभर झोपेचं लपवलं, तेव्हा मीही क्षमा मागते. काल संध्याकाळी मॅडमनी अगदी हलकी वजनं दिली. रात्री दहाला तुला उत्तर लिहायला बसले आणि ‘ती. मम्मीस’ एवढंच झालं. जाग आली ती सहाला. हा तोच कागद आहे. वर शाई पसरली आहे, तिथे माझा गाल होता.

वहीत काय लिहायचं ते तूच मोज. सरलाबाईंनाही माझा नमस्कार सांग.
तुझी फाल्गुनी