खोलीतल्या सहा जणी

पुणे,
१४ मे १९७४

सुधाच्या बाबांना मालनचा जयभीम.

मी सुखरूप पोचले. जेवण बरं आहे, तिखट मात्र अजिबात नाही. शिक्षकांच्या या शिबिरात लय नवं गणित शिकवायलेत.

काल सर म्हणाले, कोणतीही सहा माणसं घ्या. त्यांत तिघं तरी अशी निघतात की ती सगळी एकमेकांच्या ओळखीची असतात, नाहीतर एकमेकांना अगदी परकी. हे कुणालाच टाळता येत नाही.

आमच्या खोलीत आमी सहा जणीच, म्हणून पडताळून पाहिलं. आलो त्या दिवशी मी, भंडाऱ्याच्या शकूताई आन् चिपळूणच्या एक बाई, तिघी एकमेकींना परक्या होतो.

बाकीच्यांतल्या एकीनं माझं आडनाव ऐकून आपली कळशी पलीकडं सरकवली. तुमी मनाला लावून घेऊ नका.

सुधाचा खोकला गेला का? तिला पालमला आईकडं नेलं का?

आज मी सरांना सांगितलं, तुमचा नियम अजून खराच आहे, फक्त त्या परक्या तिघी आता ओळखीच्या झाल्या. तुमी हट्टानं माझ्या पिशवीत कोंबलेल्या तांब्यातूनच आमी तिघी पाणी पितो.

तुमची,
मालन