पाद्रीविरुद्धचा अर्ज

६ जुलै, रविवार
हरमलला जाऊन आलो. शेवंतीला सांगितलं, डिचोलीच्या बाजारात जातो. बायकोशी या वयात खोटं!
चॅपेलमागच्या खोलीत आवेलिन पाद्री दर रविवारी आमच्या प्रज्योतसारख्यांना जमवतो. ख्रिश्चन, हिंदू, सगळे. दोघातिघांच्या आयासुद्धा होत्या. प्रज्योत खुर्च्या मांडत होता. चार वर्षांपूर्वी मीच या मुलाला म्हटलं होतं - पुरुषाबरोबर संसार करायचा तर या घरात पाय नको! मला बघितलं त्यानं. खुर्ची आणून दिली.
पाद्रीनं त्यांच्या धर्मातली गोष्ट सांगितली. राणीच्या दरबारातला एक खोजा, म्हणजे खच्ची केलेला सेवक, रथातून चालला होता. देवाचा माणूस रथात चढला, शेजारी बसला. मग आम्हालाच विचारलं, "आधी तू बदल, मग बसतो - असं म्हणाला काय तो?"
पंचवीस वर्षं खनिजाचा ट्रक हाकला. वाटेत कुणाकुणाला चढवलं. पण हे ऐकून अंगाची आग झाली. माझ्या मुलाला परक्यानं शेजारी बसवायचं!

९ जुलै
शेजारचा शांताराम, पाद्रीला हलवा असा अर्ज घेऊन आला. पाद्री पोरांना बाटवतो म्हणे. मी म्हटलं, तिथं कुणी बाटवत नाही, मी बघितलंय.
"तू थंय गेललंस?" त्याचे डोळे मोठे. "मगे सही तुझीच पयली होयी! नायतर गाव म्हणतलो, बापूस पण तसलोच."


१० जुलै
देवळात कौल लावला. सही करू का? देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली - म्हणजे कर. मुलाला घरी आणू का, हे विचारायला तोंड उघडलं नाही. देव तरी विचारलं तेवढंच सांगणार!
सही केली.

३ ऑगस्ट
पाद्रीची बदली. रविवारची खोली बंद. शांतारामनं लाडू वाटले. मी खाल्ला.

१० ऑगस्ट
राहवेना. हरमलला गेलो. पाद्री पुस्तकं खोक्यात भरत होता. अर्जाची प्रत टेबलावरच. पहिलं नाव माझं.
"प्रज्योतचे पप्पा! बसा, बसा." स्वतः चहा आणला. तोंडावर राग नाही. माफ केलं की थट्टा करतोय? शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"म्हाका गांवचेर राग ना," म्हणाला. "पूण ह्या भुरग्यांक आतां कोण लागीं बसयतलो?"
या पोरांना आता जवळ कोण बसवणार - मला विचारतो! सही माझी, हे सांगायला गेलो होतो, न सांगता आलो.

१२ ऑगस्ट
प्रज्योतला फोन केला. चवथीला, गणपतीला घरी ये म्हटलं. मग सांगून टाकलं - अर्जावर माझी सही आहे. पाद्रीनं नाव वाचूनही मला चहा पाजला.
 म्हणाला, "बाबा, पाद्रींक मराठी वाचूक येना. अर्ज मीच वाचून दाखयलंय. सगळी नावां वाचलंय. एक सोडून."