७३९३९१३३ला भाग गेला नाही

नांदूरघाट

ती. धोंडीराममामांना,

तुमची भाची मंजुषा हिचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींची म्हैस दूध द्यायला लागली, की अजून लाथाच देते? इकडं सगळे खुशाल आहेत, एक उपसरपंच बजरंगदादा सोडून. ते का खुशाल नाहीत, तेच सांगायला बसलेय.

गावच्या समाजमंदिरात एक खोली रिकामी आहे. मला ती मुलींच्या गणिताच्या वर्गाला हवी होती, दादांना बँडचे ढोल ठेवायला. (ढोलांना गणित शिकायचं नसतं, हे मी समजावून पाहिलं.) यात्रेच्या दिवशी कुस्त्या सुरू व्हायच्या आधी दादा माइकवरून सगळ्यांदेखत म्हणाले, "म्याडम, तुमच्या गणितात लई दम असंल तर दावा की इथं!" मी लगेच शाळेचा फळा आखाड्याच्या कडेला आणवला आणि लिहिलं, ७३९३९१३३. म्हटलं, एक आणि ही स्वतः सोडून कुठल्याही संख्येनं हिला पूर्ण भाग घालून दाखवा, खोली तुमची. आरतीपर्यंत जमलं नाही, तर माझी.

मग काय विचारता! कुस्त्या राहिल्या बाजूला, पैलवान लंगोटावरच मोबाइल घेऊन भागाकाराला बसले. कुणी सातानं, कुणी तेरानं, एकानं तर आपल्या मोटारसायकलच्या नंबरानं भाग घातला. बाकी उरायची ती उरायचीच. दादांना घाम फुटला. "त्ये शेवटचं तीन लई वंगाळ हाय, त्ये पुसा," म्हणाले. पुसलं. उरले ७३९३९१३. त्यालाही भाग जाईना! "आजून एक पुस बे!" (बाईमाणसाला 'बे' म्हणाले, पण मी ते पाढ्यातलं धरलं.) पुसत पुसत ७३९३९१, ७३९३९, ७३९३, ७३९, ७३ असे उतरत आलो. शेपूट तोडावं तर उरलेलीही पुन्हा कशानंच भाग न जाणारी मूळ संख्याच! शेवटी फळ्यावर एकटा सात उरला आणि दादा त्याच्याकडं बघत उभे.

तेवढ्यात आमच्या सासूबाई, कौशल्याबाई (नोकरी करून काय दिवे लावणार, असं मला आजवर विचारणाऱ्या त्याच), बायकांतून उठून ओरडल्या, "आरं बजरंग, साताला काय भाग घालतूस? दे किल्ली माज्या सुनंला!"

आरतीची घंटा झाली. मामा, पैलवानाचा फेटा माझ्या डोक्यावर, खोलीची किल्ली माझ्या हातात आणि दादांचेच ढोल माझ्यापुढं वाजत घरापर्यंत! सासूबाई प्रत्येक दारात थांबून सांगत होत्या, "सून माजी हाय." सोमवारी वर्ग सुरू झाला, मुली दारापर्यंत दाटल्या.

तुमची विजयी भाची,
मंजुषा

ता.क. फेट्याच्या भरात मी माइकवर सांगून बसले की पुढच्या यात्रेला अशीच नऊ आकडी आणते. घरी येऊन बघते तर हिच्या शेवटी एक लावला की तिनानं भाग जातो, सात लावला तरी जातो, बाकीचे आकडेही ढेपाळले. मग पुस्तकात सापडलं की या जातीची सगळ्यांत मोठी संख्या हीच. नऊ आकडी जगात नाहीच!

ता.ता.क. म्हणून तुमच्या मुलाचं, भारतचं, लग्न काही करून पुढच्या यात्रेच्याच दिवशी तुमच्याकडं आष्टीत धरा, म्हणजे मला यात्रा सोडून यावंच लागेल. मुलगी अजून ठरली नाही, मला माहीत आहे. ती मी शोधते.