ताटात ठेवलेली नळी

नेकनूर,
१२ नोव्हेंबर

वच्छलामावशी,

नमस्कार. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. कापूस वेचणी चालू आहे, मी रोज सबस्टेशनवर ड्युटीला जाते. काकांचा गुडघा कसा आहे?

वजन उतरलं का, असं तू फोनवर विचारलंस. इथे फोन स्पीकरवर असतो, म्हणून लिहिते. उतरलं, सात किलो. वजन कमी झाल्याशिवाय मूल होण्यासाठीचे उपचार सुरू करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लवकर जेवा, नंतर तोंडात काही टाकू नका, झोप पुरी करा.

लवकर जेवायला कुणी अडवलं नाही. पण शिवशंकर गावची कामं उरकून उशिरा येतात, आणि या घरात बायको नवऱ्याच्या ताटात जेवते. मी जेवलेली असले तरी ते काहीतरी ठेवायचेच, मटण असलं की त्यातलं नळीचं हाड.

"नळी ठेवलीय बघ तुझ्यासाठी."

दिवसभरात आमचं बोलणं तेवढंच व्हायचं.

"डॉक्टरीण रात्री खाऊ नको म्हणते," मी सासूबाईंना सांगितलं.

"तिचा नवरा उपाशी निजत आसंल. दोन घासानं कोण फुगतंय? बस खाली."

मी बसायचे. मग छातीत जळजळ, तुटक झोप, आणि वजन होतं तिथेच.

आषाढात एकदा मी ते ताट उचललं आणि कुत्र्यापुढे रिकामं केलं. शिवशंकर हात धूत होते. चिडतील असं वाटलं होतं. "बरं केलंस," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते ताट पुसून जेवतात, माझ्यासाठी काही ठेवत नाहीत. अंथरूण बैठकीत नेलंय. कार्यकर्ते उशिरापर्यंत बसतात, हे कारण सगळ्यांना पटलं. मी खात्री करून घेतली. एकदा न जेवता त्यांच्यासाठी थांबले. तेव्हाही ताटात काही नव्हतं.

आता जळजळ होत नाही. झोपही लागत नाही.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या, तारीख दिली. मी घरी शिवशंकरांना सांगितलं.

"तू जाऊन ये."

"दोघं लागतात."

"मंग ऱ्हाऊ दे."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पुढचा उंडा हातात घेतला. तारीख गेली.

आईला फक्त वजनाचं सांग. चौसाळ्याची तुझी मागची खोली रिकामी असेल तर सबस्टेशनच्या पत्त्यावर कळव. नसेल तर उत्तर लिहू नकोस, मी समजून घेईन.

अजून याच घरातली,
तुझी उज्ज्वला