धक्क्यावरची भेट

ऑस्लो, ९ जुलै

चि. आस्लाक,

अनेक आशीर्वाद. जहाजाची सहल सुखरूप पार पडली असेल आणि डोनाची कंबरही आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. माझ्या गॅलरीतल्या स्ट्रॉबेऱ्या यंदा बारक्या आल्या, पण गोड आहेत.

तुझा निरोप मिळाला होता. जहाज ऑस्लोला जेमतेम थांबणार, उतरू देणार नाहीत, त्यामुळे आईला भेटता येणार नाही, असं तू कळवलं होतंस. मी तो तिला वाचून दाखवला. तुला बघून तिला अकरा वर्षं झाली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मग आपणच जाऊ धक्क्यावर. वरून हात तर करेल!"

"आई, हजार माणसं असतात त्या जहाजावर. कसा दिसेल तो?"

"मला दिसेल. पोटच्या पोराला ओळखणार नाही का मी?"

आदल्या दिवशी तिने केस करून घेतले. सकाळी लग्नातला चांदीचा ब्रोच लावला. वृद्धाश्रमात तिच्या शेजारच्या खोलीतल्या हाउगलँडबाईंनी टोमणा मारलाच, "काय मार्गित, राजाला भेटायला निघालीस?"

"राजाचं काय, तो रोज ऑस्लोतच असतो," आई म्हणाली.

ऊन छान पडलं होतं. जहाज किल्ल्याखाली उभं होतं आणि त्यातून माणसं भराभर उतरत होती. म्हणजे उतरू देत होते. मी आईची चाकाची खुर्ची ढकलत उगाच बडबडत राहिले, तिने काही विचारू नये म्हणून. तिने विचारलंही नाही.

नगरभवनासमोर बोटीवरून कोळंबी घेऊन लोक नेहमीसारखे पाण्याच्या कडेला सोलत बसले होते. त्यांच्यात तू होतास. लाल जाकीट, छातीवर सहलीचं स्टिकर. डोनाला एकेक सोलून देत होतास.

पुढचं लिहावं की नाही, असं मघापासून चाललंय. लिहितेच. तू आम्हाला पाहिलंस. आधी मला, मग खुर्चीतल्या आईला. मी हात वर करणार, तेवढ्यात तू खाली वाकलास, बुटाची नाडी बांधायला. किती वेळ बांधत होतास रे! तुझ्या बुटांना नाड्याच नव्हत्या.

"खुर्ची वळव, इंगेबोर्ग," आई म्हणाली. "वारा लागतोय."

वारा अजिबात नव्हता.

ट्रामने आश्रमात परत आलो. जेवायला बसल्यावर हाउगलँडबाईंनी विचारलं, "भेटला का मुलगा?"

"भेटला की. जरा जाड झालाय."

"मग इकडे नाही आणलास?"

"त्याच्यासाठी जहाज थांबून राहणार आहे का?" असं म्हणून आईने बटाटे पुढे सरकवायला सांगितले.

मला तुझा संताप आलाय, आस्लाक. तुला आईची भीती वाटली, की बायकोसमोर आमची लाज वाटली? काय मागणार होती ती तुझ्याकडे? तिला फक्त तुझं तोंड बघायचं होतं. तेवढं तिने बघितलं.

आज तिनेच मला पत्र लिहायला बसवलं. कुणाची भेट झाली की नंतरच्या पत्रात आधी त्या भेटीचे आभार मानायचे, ही आपली रीत तू विसरला असशील, ती विसरलेली नाही. मी म्हटलं, "कसली भेट, आई? असलं काही मी लिहिणार नाही."

"तू नको लिहूस. पेन दे इकडे."

खालची ओळ तिची आहे. अक्षर वाकडंतिकडं आलंय, पण वाचता येईल.

आईची मुलगी,
इंगेबोर्ग

बाळा, परवाच्या भेटीबद्दल आभार.
— आई