बदलीची डबी

लालबाग, मुंबई
रविवार, ४ मार्च २००१

चि. सौ. शांता,

तुझ्या कुशादादाचा आशीर्वाद घे. वाडीतल्या थोरांना माझा नमस्कार सांग.

कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं. तुझे धनी, आमचे भावोजी, मजेत आहेत. वडाळ्याच्या गोदामावर वॉचमनकी चालू आहे, राहायला माझ्याच खोलीत. माझा दमा आहे तसाच. गिरणीतला कापूस छातीत बसलाय तो काय आता उठून जातोय!

आज तुला आमच्या डॉक्टरीणबाईंविषयी लिहायचंय. डॉ. हेमलता वैती. वरळी कोळीवाड्यातली पोर, आई मासळी विकायची. नाक्यावर दवाखाना आहे. असली डॉक्टर मी उभ्या जन्मात बघितली नाही.

झालं काय, जानेवारीत चाळीच्या मंडळाने म्हाताऱ्यांसाठी कॅन्सर तपासणीचं शिबिर भरवलं. पोटात काही लपून बसलं असेल तर आधीच कळावं म्हणून. प्रत्येकाला एकेक डबी दिली. सकाळी, आता तुला कसं सांगू, परसाकडचा नमुना त्यात घालायचा आणि वर नाव लिहून द्यायचं. मला डॉक्टर म्हटलं की गिरणीतला डॉक्टरच आठवतो. मान वर न करता नळी लावायचा, आणि 'अनफिट' लिहिलं की माणूस घरी. माझा डावा डोळा अधू, म्हणून दोनदा तपासणीला माझ्या नावावर भावोजी उभे राहिले होते. बदली कामगारच ते. माझ्या साच्यावर कापड विणायला माझ्या जागी उभे राहायचे, तसे डॉक्टरपुढेही राहिले. संप झाला, गिरणी गेली, खोड काही गेली नाही.

होय, तेच केलं. डबीवर नाव माझं, आतला माल भावोजींचा! "माका काय धाड भरली? घे," म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसलो.

निकाल आला. कुशाबा घाडी यांच्या नमुन्यात रक्त सापडलं.

शांता, मी आठ दिवस गप्प बसलो. बाईंना बोललो नाही, भावोजींनाही नाही. लबाडी उघडी पडेल, चाळीत छीथू होईल, हीच भीती. तुझ्या कुंकवाशी खेळत बसलो गं. चपलेने मार मला.

नवव्या दिवशी बाईंपुढे जाऊन सगळं ओकलो. वाटलं, आता सोलून काढणार. तर म्हणाल्या, "कुशाबाकाका, माझ्याकडे अनफिटचा शिक्का नाही हो. उद्या त्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी बाहेर ही रांग, पण आम्हाला अर्धा तास दिला. टेबलामागून उठून भावोजींच्या शेजारी येऊन बसल्या. "रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, मूळव्याधही असेल. आतड्यात दुर्बीण घालून बघितल्याशिवाय कळणार नाही. काही असलं आणि लवकर सापडलं तर बरं व्हायची आशा चांगली. दुर्बिणीचा त्रास होतो, क्वचित इजाही होते. नको म्हणालात तरी मी तुमचीच डॉक्टर."

मी मध्येच तोंड घातलं, "मग माझी खरी डबी आणू काय?"

हसल्या. "काका, तुम्ही शहात्तरचे. एक जिना चढलात की धापा टाकता. तुमच्या बाबतीत ह्या तपासण्यांचा फायदा कमी आणि उपद्व्याप जास्त, असं माझं मत. पण पोट तुमचं, तुम्ही ठरवा."

आधी रागच आला. म्हणजे काय, मी मसणातल्या गोवऱ्या मोजायच्या? मग म्हटलं, अरे, खरं तेच तर सांगतेय पोर. नको म्हणालो. इतक्या वर्षांत कोणा डॉक्टराने मला 'तुम्ही ठरवा' म्हटलं नव्हतं. पाया पडणार होतो, लेकीच्या वयाची आहे म्हणून राहिलो.

मग भावोजींना विचारलं, "रामजीकाका, पुढच्या दिवसांत तुम्हाला करायचं काय आहे? ते आधी सांगा, मग ठरवू."

भावोजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "शांतावांगडा एका घरात आख्खा वरीस मी कधी ऱ्हवलंय नाय. तेवढा ऱ्हवाचा आसा, बाय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. लग्नाला तुमच्या चव्वेचाळीस वर्षं झाली. गणपतीला पंधरा दिवस, मे महिन्यात थोडे, एवढीच काय ती तुमची गावाकडची सोबत. तू कधी तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि मी भाऊ असून मला कधी सुचलं नाही.

दुर्बीण करायचं ठरलंय. गुरुवारी, पंधरा तारखेला. निकाल काय येईल देवाला ठाऊक. तुला कळवायचं नाही अशी भावोजींनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडली. बाईंनीही विचारलं, बायकोला माहीत नको का?

शिमगा तोंडावर आहे, पालखी दारात येईल आणि तू घरात नसशील. देव समजून घेईल. पत्र मिळताच निघ. मी खालच्या मजल्यावरच्या दगडूकडे झोपायला जातोय. खोली तुम्हा दोघांची.

तुझा अपराधी,
कुशादादा