पस्तीस मिनिटं आणि एक दिवस

आपिया, सोमवार
(तुझ्याकडे अजून रविवार. आता नीट मोजून लिहितोय.)

ती. सालोतेताईस, धाकट्या पेनिआमिनाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? आणि राग? (गुडघ्यांचं आधी विचारलं, कारण त्यांचं उत्तर सोपं.)

ताई, तुझ्या सत्तरीला मी आलो होतो. देवाशपथ आलो होतो! आपिया ते पागो पागो सव्वाशे किलोमीटर, विमानाला पस्तीस मिनिटं. तेवढ्या वेळात आमच्या पाद्रीबाबांची प्रस्तावनाही संपत नाही. आणि मधून वाररेषा जाते, म्हणून तिकडे उतरलं की आदला दिवस असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गावात कुणाचं तिकडे लग्न असलं की वार जुळवायला सगळे माझ्याकडेच येतात. पण तू चार वर्षांनी आपणहून फोन केलास, "शनिवारी येशील का रे?" म्हणालीस, आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आमच्या शनिवारचं तिकीट काढून मोकळा झालो.

विमान एवढंसं, म्हणून विमानतळावर नेहमीप्रमाणे माणसासकट सामान काट्यावर. तुझ्यासाठी नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या वीस पुड्या घेतल्या होत्या (नारळ आपल्याच आवारातले). काट्यावरची पोरगी म्हणाली, "काका, टोपली हलकी करा." मी तिथेच बसून सहा पुड्या संपवल्या. तर त्या बयेने मला पुन्हा काट्यावर चढवलं! रांग पोट धरून हसली. शेवटी उरलेल्या पुड्या तिलाच देऊन हात हलवत निघालो.

उतरलो तर तुमच्याकडे शुक्रवार. गणवेशातली शाळेची पोरं समोरून गेली, तरी या गाढवाच्या डोक्यात उजेड पडला नाही. चार तास बाकावर बसलो. गाडी आली की उठायचो, गेली की बसायचो. मग मनाने घेतलं, ताईने माफ केलेलं नाही. भाऊजींच्या मातीला यायचं तर रविवारी निघावं लागत होतं, आणि चर्चचा कारभारी रविवारी प्रवास करत नाही म्हणून मी घरी बसलो. "सांभाळ तुझा रविवार," एवढंच तू बोललीस. चार वर्षं ते कानात घेऊन झोपतोय. तुला फोन करायचा धीर झाला नाही, तोंड पाडून संध्याकाळच्या विमानाने परत फिरलो.

काल, म्हणजे तुझ्या शनिवारी, भाचीचा फोन आला. तू सकाळपासून फुलांचा हार घेऊन विमानतळावर बसलीयस आणि केक कापायलासुद्धा घरी यायला तयार नाहीस, म्हणाली. ताई, चर्चच्या पायरीवर, पांढऱ्या कपड्यांत, सगळ्या गावासमोर मी ढसाढसा रडलो. तुझी फार फार आठवण येते गं.

तुझा मूर्ख भाऊ,
पेनिआमिना

ता. क. येत्या रविवारी निघतोय. कारभारीपण सोडतो असं पाद्रीबाबांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "अरे, उतरशील तेव्हा शनिवारच असेल, पाप कसलं? चार वर्षांपूर्वीच विचारायचंस की!" विचारलं नाही. खरं सांगू? भाऊजींना तसं बघायची हिंमत नव्हती, म्हणून रविवार पुढे केला.

आणखी एक. पोरं ऑकलंडला गेल्यापासून घर खायला उठतं. तुझ्याकडची मागची खोली रिकामी असेल, तर तेवढी झाडून ठेवशील? परतीचं तिकीट काढलेलं नाही.